दोन कोन वर, दोन कोन खाली

वर

बाईंची गाडी त्या गुरुवारी दोरीवर आली. पुढे स्ट्रॉबेरीचे रिकामे खोके भरलेली जीप, मध्ये सुताचा जाड दोर, आणि मागे ती छोटी विलायती गाडी, बावन्न सालची, बाईंच्या वडिलांची. स्टिअरिंगवर डॉक्टर कोतवाल बाई ताठ बसलेल्या. चेहरा असा, की गाडी ओढून आणली नाही, मिरवत आणली आहे.

"दोर सोड, दगडू," त्या खाली उतरत म्हणाल्या.

"कुठे पडली?"

"मेटतळ्याच्या अलीकडच्या वळणावर. नेहमीच्याच."

"या महिन्यातलं दुसरं का?"

"तिसरं. तू मोजत नाहीस, बाजारपेठ मोजते."

मी बॉनेट उघडलं. प्लग काढला. काजळाच्या डबीत बुडवून काढावा तसा काळा, पेट्रोल जास्त झाल्याची खूण. मग मी ते वाक्य म्हणालो, जे प्रत्येक मेकॅनिक प्रत्येक गाडीपुढे म्हणतो. पाना धरायला शिकवण्याआधी उस्ताद हेच वाक्य शिकवतो.

"याला आधी कोणी हात लावला होता?"

या प्रश्नाला उत्तराची गरज नसते. ज्याने कोणी लावला तो गाढव, एवढंच त्यातून सांगायचं असतं. पण या गाडीच्या बाबतीत मला उत्तर माहीत होतं, कारण उत्तर कार्बोरेटरच्या मानेला दोऱ्याने बांधलेलं होतं.

*महाबळेश्वरच्या मेस्त्रीस,*
*गाडीला उपाशी ठेवून घाट उतरायला लावता. आज पुन्हा ठसकत आली. पेट्रोल काय तुमच्याकडे औषधासारखं चमच्याने देतात? चक्री दोन कोन खाली घेतली आहे. हात लावू नये.*
*अनंत उतेकर, पोलादपूर*

"हात लावू नये"खाली दोन रेघा.

ज्यांनी कार्बोरेटर पाहिला नाही त्यांच्यासाठी: ते इंजिनाचं तोंड. हवा किती आणि पेट्रोल किती, हे तिथे ठरतं. बाईंच्या गाडीचा कार्बोरेटर जुन्या जातीचा. त्याच्या बुडाला सहा कोनांची पितळी चक्री. ती एक कोन वर फिरवली की पेट्रोल थोडं कमी, एक कोन खाली फिरवली की थोडं जास्त. सगळी विद्या त्या सहा कोनांत. मी चक्री दोन कोन वर घेतली. इंजिनाला कान लावला. आवाज लागला.

माझ्या कानाबद्दल आत्ताच सांगून टाकतो, नंतर सांगायची लाज वाटेल. स्टँडवरचे टॅक्सीवाले माझं सेटिंग झालं की बॉनेटवर पाण्याचा भरलेला पेला ठेवायचे. थेंब सांडायचा नाही. अठ्ठ्याहत्तर साली मी चौतीस वर्षांचा होतो आणि महाबळेश्वरात दगडू ढेबेच्या हाताला दुसरा हात नव्हता. हे मी म्हणत नव्हतो, लोक म्हणत. मी फक्त नाही म्हणत नव्हतो.

दोऱ्याला मी माझी चिठ्ठी बांधली.

*पोलादपूरच्या मेस्त्रीस,*
*कोकणात भातावर कढी ओततात तसं पेट्रोल ओतलंत. गाडी ही गाडी आहे, भात नव्हे. चक्री जागेवर घेतली आहे. आपण हात लावू नये.*

"झालं का तुझं लिहून?" बाई म्हणाल्या. दीड वर्ष त्या हे टपाल वाहत होत्या. मी खाली कधी गेलो नव्हतो, तो कधी वर आला नव्हता. "झालं असेल तर ऐक. शिरीषचा फोन होता."

शिरीष त्यांचा एकुलता एक. पुण्यात मोठ्या कारखान्यात इंजिनीअर.

"काय म्हणतात?"

"म्हणतो, येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी मी स्वतः येतोय. तुझ्या दवाखान्यातून तू स्वतः चालवत वर आलीस तर मी गप्प. गाडी दोरीवर आली तर ती तशीच दोरीवर पुण्याला. आणि गुरुवार बंद."

गुरुवार म्हणजे पोलादपूरच्या पलीकडचा दवाखाना. शाळेच्या पडवीत टेबल टाकून बाई बसायच्या, अकरा ते तीन. नवरा गेल्यावर सुरू केलेलं काम. अठ्ठावन्न वर्षांची बाई, चाळीस किलोमीटर घाट उतरायचा, चाळीस चढायचा.

"एसटीने जा की," मी म्हणालो.

"परतीची एसटी साडेबाराला. तेव्हा माझी रांग निम्मीसुद्धा झालेली नसते. उरलेल्यांना काय सांगू, पुढच्या गुरुवारी आजारी पडा?"

मागच्या सीटवर एक खोका होता. शिरीषने पाठवलेला. नवा कोरा कार्बोरेटर.

"हा बसव म्हणतो, नाहीतर गाडी विक."

मी खोका उघडलाही नाही. माझं सेटिंग बरोबर असताना नवा कार्बोरेटर कशाला? दोष खाली होता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली.

"येत्या गुरुवारी मी येतो तुमच्याबरोबर," मी म्हणालो. "त्या पोलादपूरच्या अंतू मेस्त्रीला बघायचाच आहे मला."

खाली

ही गोष्ट मी तीस वर्षं सांगत आलोय. आणि दर वेळी इथे एक तुकडा गाळत आलोय. मी म्हणायचो: खाली गेलो, बघितलं, वर आलो. ऐकणाऱ्याला पुरायचं तेवढं.

गाळलेला तुकडा असा.

सकाळी आठला गाडी माझ्या हातची. आवाज लागलेला. पहिले दहा-बारा किलोमीटर मी बाईंच्या शेजारी जावई बसावा तसा बसलो होतो. वाडा-कुंभरोशी मागे पडलं. प्रतापगडाचा फाटा गेला. मग उतारावर कुठेतरी, एका वळणावर बाईंनी पाय दिला आणि इंजिन खाकरलं.

"हं," बाई म्हणाल्या.

"थंड आहे अजून," मी म्हणालो.

थंड नव्हतं. एक तास चाललं होतं. पोलादपूर येईपर्यंत ते दर वळणाला ठसकत होतं. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि कान आत होते.

पत्र्याची शेड, वर फणस. लेंगा-बनियन घातलेला, साठीला टेकलेला किडकिडीत माणूस चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्याने कानाला अडकवून उभा होता. दोऱ्यावरून मी ओळखलं. चिठ्ठ्यांचाच दोरा.

"या या, घाटावरचे!" अंतू मेस्त्री म्हणाला. "अक्षर बरं आहे हो तुमचं. आमच्या नातवाला कित्ता म्हणून देतो."

"नातवाला मोटारीचं काम नका शिकवू म्हणजे झालं."

"बसा. चहा घ्या. मग शिव्या द्या. उपाशीपोटी कशाला?"

"अंतू मेस्त्री, मला अकराला पोचायचंय," बाई म्हणाल्या.

"चालू ठेवा गाडी, बाई. पाच मिनिटं." त्याने बॉनेट उघडलं आणि बारीक टोकाचा स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे दिला. "तुम्हीच उचला."

या कार्बोरेटरच्या आत एक छोटा पिस्टन असतो. इंजिन चालू असताना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तो जरासा उचलायचा. इंजिन पळायला लागलं तर पेट्रोल जास्त आहे. मरायला लागलं तर कमी आहे. क्षणभर थरथरून पुन्हा जागेवर आलं तर सेटिंग बरोबर. दोन मेकॅनिक भांडले तर तिसरा कोणी बोलवायची गरज नाही, पिस्टन उचलायचा.

मी उचलला.

इंजिन मेलं.

"चुकून जास्त उचललंत," अंतू मेस्त्री इतक्या सभ्यपणे म्हणाला, की त्याने आईवरून शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. "पुन्हा बघा."

गाडी चालू केली. पुन्हा उचलला. अगदी केसभर. पुन्हा मेलं. प्लग काढून पाहिला. पांढुरका. कोरडा. उपाशी माणसाची जीभ असते तसा.

त्याने चक्री एक कोन खाली घेतली, ऐकलं. अजून एक कोन. मग स्वतः पिस्टन उचलला. इंजिन थरथरलं, जागेवर बसलं.

आणि तो आवाज. तो माझा आवाज होता. सकाळी आठला, वर, माझ्या गॅरेजपुढे मी लावलेला, तोच. त्याने माझं सेटिंग मोडून माझाच आवाज काढला होता.

मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "गाडी उतारावर हलली असेल. चक्री सैल झाली."

"मग घट्ट करा," अंतू मेस्त्री म्हणाला. मी चक्रीला बोट लावलं. तिच्याखालची स्प्रिंग पक्की होती. चक्री जागची हलत नव्हती, हे मला हात लावायच्या आधीच माहीत होतं.

"परत जाताना तुम्ही चला वर," मी म्हणालो. "तुमच्या सेटिंगवर. कोणी बॉनेट उघडायचं नाही."

"येतो की. घाटावरची हवा म्हणे तब्येतीला चांगली."

मधे

बाईंचा दवाखाना आटोपून साडेतीनला निघालो. अंतू मेस्त्री मागच्या सीटवर, मांडीवर शिरीषचा खोका. पोलादपूर सोडलं तेव्हा गाडी रेशमासारखी. तो मागून गुणगुणत होता.

"कसं वाटतंय, घाटावरचे?"

"अजून घाट कुठे आलाय?"

अर्ध्या चढापर्यंत गुणगुणणं चालू होतं. मग हळूहळू थांबलं. मी मागे वळून पाहिलं नाही. वाडा ओलांडला तेव्हा इंजिन जड झालं होतं, ओल्या घोंगडीसारखं. आरशात काळा धूर. बाईंनी दुसरा गिअर टाकला, मग पहिला.

मला आनंद झाला. बाईंचा गुरुवार डोळ्यांदेखत बुडत होता आणि मला आनंद झाला. हे लिहायला हवं, म्हणून लिहिलं.

मेटतळ्याच्या अलीकडच्या त्या वळणावर गाडी बंद पडली. बाईंनी हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी बाईंना रागावलेलं पाहिलंय, हसताना पाहिलंय, माझ्या आईच्या प्रेताशेजारी रात्रभर बसलेलं पाहिलंय. असं हात मांडीवर ठेवून बसलेलं पाहिलं नव्हतं.

अंतू मेस्त्रीने चाकामागे दगड लावला. बॉनेट उघडलं. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी चालू झाली, काळी फुंकर टाकत.

"उचला," मी म्हणालो.

त्याने पिस्टन उचलला. इंजिन पळत सुटलं. ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा पळालं. त्याने चष्मा काढला, बनियनला पुसला, दोरा पुन्हा कानात अडकवला.

"याला हात कोणी लावला?" त्याने विचारलं.

तो खरंच विचारत होता. एवढ्या वर्षांत कुठल्या मेकॅनिकने हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेला मी ऐकला नव्हता.

"तुम्ही मागे होता. मी पुढे."

"बॉनेट उघडलं नाही."

"नाही."

"सकाळी तुम्ही लावलंत तेव्हा बरोबर होतं?"

"होतं."

"दुपारी मी लावलं तेव्हा?"

मला ते म्हणायला किती वेळ लागला कोण जाणे. "होतं."

"मग हात कोणी लावला?"

खाली दरीत आम्ही आलो तो रस्ता दिसत होता, एकावर एक घड्या घातलेला. मी वैतागून म्हणालो, "घाटाने."

आमच्या मागे बाई हसायला लागल्या. आधी मला वाटलं, रडताहेत. त्या बॉनेटला टेकल्या आणि डोळे पुसत हसल्या.

"माझ्या सुया," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सुया रे! इंजेक्शनच्या. खाली शाळेत वीस मिनिटं उकळते. वर महाबळेश्वरच्या दवाखान्यात पंचवीस. वर हवा पातळ, पाणी लवकर उकळतं पण पुरेसं तापत नाही. पंचवीस वर्षं करतेय. आणि दीड वर्ष या दोन शहाण्यांच्या चिठ्ठ्या वाहत बसले. हवा कमी तर पेट्रोल कमी नको का?"

आम्ही दोघं बघत राहिलो. इकडे कानावर भरवसा ठेवणारा मी, तिकडे हातावर भरवसा ठेवणारा तो. दोघंही बरोबर होतो. दोघांच्या बरोबर असण्याने एक गाडी दीड वर्ष घाटात मरत होती.

"म्हणजे तुम्ही गाढव नव्हता," अंतू मेस्त्री म्हणाला.

"तुम्हीसुद्धा."

"नातवाला सांगायला लागेल आता. कित्ता चुकला."

मग त्याने शिरीषचा खोका उघडला. नवा कार्बोरेटर उन्हात धरला. सुरेख वस्तू होती. आत पेट्रोल सोडणारी पितळेची बारीक जेट्स, प्रत्येकावर आकडा कोरलेला, भोकं ठरलेली. चक्री नाही. पेट्रोल बदलायचं तर जेट खोलून दुसरं बसवायचं.

"छान आहे," तो म्हणाला. "पण याला एकच गाव ठाऊक."

खरं बोलायचं तर आमच्या स्टँडवरच्या टॅक्सी असल्याच कार्बोरेटरवर घाट चढत होत्या. दमत होत्या, पण चढत होत्या. त्यांची इंजिनं मोठी. बाईंच्या गाडीत तीस घोड्यांची ताकद, तीही बावन्न सालच्या घोड्यांची. दमायला तिच्याकडे शिल्लकच नव्हती. दोन्ही कार्बोरेटर शेजारी शेजारी मडगार्डवर ठेवले असते, तर कोणीही नवा उचलला असता. आम्ही जुना ठेवला. मी आयुष्यात शेकडो कार्बोरेटर निवडले. हा एकच, जो निवडताना मी एकटा नव्हतो.

"ठरलं," मी म्हणालो. "दर गुरुवारी मी वाड्याला येऊन थांबतो. जाताना दोन कोन खाली, येताना दोन कोन वर."

"तुम्ही कशाला? मी येतो. मला एसटीचा पास आहे."

"तुमचं वय काय?"

"तुमचं अक्षर काय!"

"आणि मी काय करू?" बाई म्हणाल्या. "हॉर्न वाजवू?"

पदर खोचून त्या बॉनेटपाशी आल्या.

"कुठे आहे ती चक्री? दाखवा."

"बाई, शेजारी एक्झॉस्ट तापलेला असतो. हात भाजेल."

"मी नाळा कापल्यात, हाडं बसवलीत. दाखव म्हणते ना."

मी दाखवलं. बाईंनी हात खाली घातला आणि विचारलं, उजवीकडे की डावीकडे. मी म्हणालो उजवीकडे, अंतू मेस्त्री म्हणाला डावीकडे. तो वरून बघत होता, मी खालून. पुन्हा भांडण लागणार होतं. मग त्यानेच हात वर केला.

"उजवं-डावं विसरा, बाई. गाडी वर चाललीय, तर चक्री वर. गाडी खाली चाललीय, तर चक्री खाली. दोन कोन. चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही."

मी एवढी वर्षं ती चक्री फिरवली होती. हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

बाईंनी फिरवली. एक कोन. दोन. बोट भाजलं तेव्हा फक्त जिभेने च्यक केलं. मग स्वतः पिस्टन उचलला. इंजिन थरथरलं आणि बसलं. बाईंनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं मूल रडल्यावर त्या बाळंतिणीकडे पाहत असतील.

आम्ही चालवत वर आलो. अंतू मेस्त्री रात्री माझ्याकडे जेवला, भातावर कढी ओतून.

वर

पुढच्या गुरुवारी शिरीष दोनलाच हजर. पांढरा शर्ट, कोट, पुण्याची मोठी गाडी. डिकीतून त्याने दोर काढून ठेवला होता. नवा, नायलॉनचा.

"तो कार्बोरेटर बसवला नाहीत तुम्ही," गॅरेजमधला खोका बघत तो म्हणाला.

"नाही."

"का?"

"आई येऊ देत तुमच्या."

मी बाईंबरोबर गेलो नव्हतो. अंतू मेस्त्रीही आला नव्हता. बाईंनीच बजावलं होतं: वाड्याला कोणी दिसला तर गाडी अंगावर घालीन.

साडेपाच वाजले. साडेपाचला त्या यायच्या. पावणेसहा झाले. शिरीष रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला. कोटाची बटणं लावत, सोडत. मला वाटलं होतं हा माणूस हट्टी आहे. तो घाबरलेला होता. आई एकटी, घाटात, अठ्ठावन्न वर्षांची. मला ते आधी दिसायला हवं होतं.

"जाऊन बघू या का?" तो म्हणाला.

"पाच मिनिटं."

"ढेबे, बंदच पडली असणार ती."

मी ऐकत होतो. बाजाराचा गोंगाट, घोडेवाल्यांच्या हाका, आणि त्याखाली, लांब, तिसऱ्या वळणावर, एक इंजिन. जड नव्हतं. ठसकत नव्हतं. मी त्या चक्रीला आठवडाभर बोट लावलं नव्हतं. माझ्याशिवाय लागलेला माझा आवाज मी रस्त्यावर उभा राहून ऐकत होतो, आणि माझी छाती माझ्याच सेटिंगवर कधी एवढी फुगली नव्हती.

गाडी आली. आपल्या पायांनी. बाईंनी ती गॅरेजपुढे लावली, उतरल्या. पदराला ग्रीस, उजवा हात मनगटापर्यंत काळा.

शिरीषने हात पाहिला, घड्याळ पाहिलं.

"आई, बंद पडली होती ना?"

"नाही रे," बाई म्हणाल्या. "मी थांबवली."

"म्हणजे?"

"वाड्याला. बॉनेट उघडलं, काम केलं, निघाले. सहा मिनिटं. बाकीचा उशीर एका म्हशीचा. ती काही हलेना."

शिरीष माझ्याकडे वळला. "तुम्ही शिकवलंत हिला?"

हो म्हणायचा एवढा सोपा क्षण मला पुन्हा कधी मिळाला नाही. बाजारपेठ गोळा झाली होती. टॅक्सीवाले होते.

"निम्मं," मी म्हणालो. "निम्मं पोलादपूरच्या अंतू मेस्त्रींनी. मोठा माणूस आहे. त्यांच्यासारखा हात मी पाहिलेला नाही."

टॅक्सीवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दगडूला ताप आला असावा.

पायाने दोर बाजूला सारून शिरीष गाडीच्या पुढे गेला, बॉनेट उघडून आत वाकला. इंजिनीअर होता, शेवटी राहवलं नसणार.

"नक्की काय फिरवता? दाखवा ना, ढेबे."

मी पुढे झालो. मग हात फडक्याला पुसले आणि दोन पावलं मागे सरलो.

"गाडी त्यांची आहे. त्यांना विचारा."

बाईंनी मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आधी तो कोट काढ," त्या म्हणाल्या. "आणि बाही वर कर."